हुमणी, अळू आणि आर्माडिलो

अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात, ऑस्टिन शहराच्या पश्चिमेला चुनखडीच्या टेकड्या सुरू होतात. तिथे बाग करणाऱ्याला दोन प्राण्यांचा विचार आधी करावा लागतो. एक हरीण. ते जमिनीच्या वर उगवलेलं सगळं खातं. दुसरा आर्माडिलो, पाठीवर हाडाचं चिलखत घेऊन रात्री जमीन उकरत फिरणारा प्राणी. त्याला वरच्या झाडोऱ्यात जवळजवळ काही रस नसतो, पण जमिनीच्या आत जे वळवळतं त्याच्यासाठी तो वरचं सगळं उलथून टाकतो. हरणासाठी कुंपण उंच करता येतं. आर्माडिलोसाठी काय करावं, याची उत्तरं इथे दहा माणसं दहा देतात. डांबराच्या गोळ्या टाका, तिखट पसरा, न्हाव्याकडचे केस आणून टाका, रात्रभर रेडिओ लावून ठेवा. यातलं काही चालत नाही. त्याला हमखास पळवून लावील असा कोणताही वास नाही, हे इथल्या कृषी विस्तार केंद्राची माणसं स्वच्छ सांगतात.

उन्हाळ्यात सकाळी अंगणात गेलं की रात्रीचं काम दिसतं. तीन ते पाच इंच रुंद, दोन-तीन इंच खोल, तळाशी निमुळते होत गेलेले खड्डे. एकामागून एक, नागमोडी ओळीत. बाजूला उचकटलेल्या गवताचे तुकडे. फुलझाडांच्या वाफ्यातलं आच्छादन उधळलेलं. झाडं खाल्लेली नसतात, पण मुळं उघडी पडलेली असतात आणि टेक्ससच्या उन्हात उघड्या मुळांना दुपार काढणंही कठीण जातं. माझ्या अळूच्या वाफ्यावर त्याचा विशेष लोभ. तिथे मी घरचं कंपोस्ट घालते, माती भुसभुशीत आणि कायम ओली, त्यामुळे गांडुळं भरपूर. असा वाफा म्हणजे त्याला आमंत्रणच, हे मला कळायला हवं तेवढं कळतं. तरीही उपटून पडलेले अळूचे गड्डे पाहिले की जिवाला लागतं. अळूच्या वड्यांसाठी इथे दुकानात पानं मिळतात, पण ती आपल्या दाराची नसतात.

माझे सासरे, अण्णा, इस्लामपूरकडचे. आयुष्यभर ऊस केला. ते इथे राहायला आले होते तेव्हा एका सकाळी खड्ड्यांची ओळ पाहून त्यांनी काडीने एक खड्डा थोडा पुढे उकरला. आतून पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, तांबूस डोक्याची अळी निघाली. अण्णांनी ती तळहातावर घेतली आणि म्हणाले, "आगं, ही तर हुमणी!"

मग तासभर ते हुमणीवर बोलत होते. वळवाचा पहिला पाऊस पडला की तिन्हीसांजेला भुंगेरे, म्हणजे हुमणीचे पूर्ण वाढलेले किडे, जमिनीतून बाहेर येतात, बाभळी-कडुनिंबावर बसतात. त्या वेळी फांद्या हलवून ते खाली पाडायचे आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. ते चार-आठ दिवस साधले नाहीत तर अंडी जमिनीत जातात, आणि मग श्रावण-भादव्यात हिरवागार फड पिवळा पडायला लागतो. ऊस हाताने ओढला तर उपटून येतो, कारण खाली मुळंच नसतात. गावाने मिळून भुंगेरे वेचले तर उपयोग, एकट्याने वेचून काही होत नाही, हे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. टेक्ससमधला जून महिन्यात व्हरांड्याच्या दिव्यावर आपटणारा तपकिरी भुंगेरा त्याच कुळातला. त्याची अळी उसाऐवजी लॉनची मुळं खाते, एवढाच फरक.

"आणि ह्यो गडी रातभर फुकट राबतोय, त्याला तू हाकलाय निघालीस व्हय?" अण्णांनी विचारलं. नांगरामागे बगळे चालतात, साळुंक्या येतात, पण त्या दिवसाच्या आणि नांगराने उघडं पाडलेलं टिपणाऱ्या. स्वतः जमीन फोडून हुमणी काढणारा राखणदार आपल्याकडे असता तर, असं त्यांच्या मनात आलं असावं.

मी त्यांना हेही सांगितलं की हा काही हुमणी संपवत नाही. तो गांडुळंही खातो, गोमी खातो, मुंग्यांच्या वारुळातल्या अळ्या खातो. त्यात आगमुंग्याही आल्या. या दक्षिण अमेरिकेतून १९३० च्या दशकात अलाबामातल्या मोबील बंदरातून इकडे शिरल्या, आणि त्यांच्या वारुळावर चुकून पाय पडलेल्या माणसाला त्यांची ओळख आयुष्यभर राहते. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर तर तो समुद्री कासवांची अंडी उकरून खातो. तिथे त्याला आवर घालायलाच हवा असं माझं मत आहे. तो कुणाचा मित्र म्हणून येत नाही. नाकाने सापडेल ते खातो. पण अण्णांच्या प्रश्नाने माझ्या डोक्यात एक वेगळाच हिशेब सुरू झाला: या अंगणातलं नेमकं काय वाचवायचं आहे?

पायाखालच्या गवताकडे तोवर मी कधी नीट पाहिलं नव्हतं. सेंट ऑगस्टीन नावाचं रुंद पात्याचं गवत, जे या भागातल्या ऑगस्टला स्वतःच्या बळावर तोंड देऊ शकत नाही. त्याला पाणी घालायचं, खत घालायचं, कापायचं, आणि त्यावर कुणी बसतही नाही, कारण बाहेर अडतीस-चाळीस अंश तापमान असतं. भोवतालच्या टेकड्यांवरची माती त्या दिवसांत दगड झालेली असते. ओली, मऊ, किड्यांनी भरलेली जमीन फक्त आमच्या फवाऱ्यांखाली. दुष्काळी भागात एकाच शेतात पाणी सोडायचं आणि रानातली जनावरं तिथेच का येतात म्हणून रागवायचं, असा तो प्रकार होता. अंगणाबद्दलच्या तक्रारीची पत्रंही आम्हाला येऊन गेली होती. इथे वसाहतीच्या संघाला तुमच्या गवताच्या रंगाबद्दल मत असतं. पण २०१३ मध्ये टेक्ससने कायदा केला की कमी पाण्याची बाग करण्यावर असे संघ सरसकट बंदी घालू शकत नाहीत. आराखडा मंजूर करून घ्यावा लागतो, तो आम्ही घेतला.

आता पुढच्या बाजूला इथलंच बफेलो गवत आहे. बुटकं, राखट हिरवं, पाण्याविना तगणारं. मागे ओक झाडांखाली पालापाचोळा तसाच राहू देतो. तिथे तो हवं तेवढं उकरतो आणि ते खड्डे पुढच्या पावसात आपोआप भरतात. उकरलेल्या मातीत पाणीही चांगलं मुरतं. अळू, मोगरा आणि भाजीचे वाफे मात्र मी त्याला दिले नाहीत. त्यांच्याभोवती दोन फूट उंचीची जाळी आहे आणि तिचा दीड फूट भाग जमिनीत, बाहेरच्या बाजूला तिरका पुरलेला आहे. सरळ खाली पुरलेली जाळी त्याला अडवत नाही, तो तिच्या खालून जातो. तिरकी पुरली की जाळीशी येऊन उकरायला लागल्यावर त्याच्या पंजाखाली पुन्हा जाळीच येते. एवढ्या एका गोष्टीसाठी आम्ही दोघांनी चुनखडीत कुदळ मारत दोन शनिवार-रविवार घालवले, पण त्यानंतर अळूचा गड्डा हललेला नाही.

त्याला जवळून पाहायचं असेल तर फार शिताफी लागत नाही. नजर अगदीच मंद. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत नसेल आणि आपण स्थिर असू, तर तो नाकाने पाचोळा फुंकरत, घुरघुरत, पायाजवळून जातो. मध्येच थांबतो, शेपटीचा आधार घेऊन मागच्या पायांवर उभा राहतो आणि हवेत नाक फिरवतो. त्या वेळी पोटाकडची केसाळ, मऊ कातडी दिसते. चिलखत फक्त वरून असतं. खांद्यावर एक ढाल, पुठ्ठ्यावर एक ढाल, मध्ये साधारण नऊ पट्टे, जे एकमेकांवर सरकतात. मी फोटो पाठवला की घरच्यांच्या व्हॉट्सॲपवर पहिला प्रश्न येतो, "खवले मांजर का?" दिसायला जवळचं वाटतं, पण नातं काही नाही. खवले मांजराची खवलं आपल्या नखांच्या द्रव्याची, तर याचं चिलखत कातडीत वाढलेल्या हाडाचं. खवले मांजर धोका दिसला की स्वतःला गुंडाळून घेतं. हा गुंडाळू शकत नाही; ते कसब दक्षिण अमेरिकेतल्या तीन पट्ट्यांच्या आर्माडिलोचं. एवढंच म्हणेन की चिपळूणजवळ दुगव्यात गावकऱ्यांनी २०२० मध्ये खवले मांजराची पालखी काढली होती, त्याच्या बातम्या मी इथे बसून पुन्हा पुन्हा वाचल्या. त्याचा जीव वाचवायला गाव उभं राहावं लागतं. इथल्याच्या मागे अजून तेवढं कुणी लागलेलं नाही.

गुंडाळता येत नाही तर दचकल्यावर तो काय करतो? सरळ वर उडी मारतो, तीन-चार फूट. अंगावर आलेला कोयोटी किंवा रानमांजर त्या उडीने क्षणभर बावचळतं आणि तेवढ्यात हा झुडपात पळतो. लाखो वर्षं ही युक्ती कामी आली. मग रस्ते आले. गाडी दोन्ही चाकांमध्ये घेऊन त्याच्यावरून सुखरूप गेली असती, पण तो नेमका त्या क्षणी वर उडतो आणि गाडीच्या तळाला आदळतो. टेक्ससच्या हमरस्त्यांच्या कडेला इतके मेलेले आर्माडिलो दिसतात, त्याचं एक मोठं कारण हे. ज्या अंगभूत हालचालीने वाचायचं, तीच जीव घेते. मला हे दर वेळी पाहवत नाही. रात्री आमच्या वळणावर गाडी अगदी हळू आणते, मागच्याने कितीही हॉर्न वाजवला तरी.

हे इथलं मूळचं जनावर आहे का, यावर लोक वाद घालतात. १८५० च्या आसपास तो रिओ ग्रांदेच्या काठावर, टेक्ससच्या अगदी दक्षिण टोकाला नोंदला गेला. तिथून मेक्सिकोकडून वर सरकत आज तो नेब्रास्का, इलिनॉय, इंडियानापर्यंत पोचला आहे. फ्लोरिडात मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोंडलेले सुटून पसरले. नदी आडवी आली तर दोन उपाय त्याच्याकडे आहेत. अरुंद असेल तर श्वास रोखून तळावरून चालत जायचं, सहा मिनिटांपर्यंत तो श्वास धरू शकतो. रुंद असेल तर पोटात आणि आतड्यांत हवा भरून घ्यायची आणि तरंगत पोहायचं. माणसाने त्याची वाट सोपीही केली. गायरानं झाली, लांडगे आणि चित्ते-वाघांच्या जातीची मोठी जनावरं मारली गेली, कोरड्या प्रदेशात फवारे आले. पण त्याआधी, सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वीपर्यंत, याचाच एक थोराड भाऊबंद अमेरिकेच्या याच दक्षिण भागात फिरत होता. हाडं सापडतात. म्हणून उपरा कोण आणि परतून आलेला कोण, हे ठरवायला पावणेदोनशे वर्षांची मोजपट्टी मला अपुरी वाटते. टेक्ससपुरता प्रश्न १९९५ मध्ये मिटला: आर्माडिलो राज्याचा अधिकृत लहान सस्तन प्राणी झाला.

फेब्रुवारी २०२१ ची थंडी इथल्या कुणी विसरणार नाही. ऑस्टिनमध्ये पारा शून्याखाली दहा अंशांच्याही पलीकडे गेला, वीज गेली, नळ फुटले, आम्ही एका खोलीत सगळी पांघरुणं घेऊन बसलो. कढीपत्ता गेला. वीज आल्यावर, घर जरा मार्गी लागल्यावर, मला त्याची आठवण झाली. आर्माडिलो शीतनिद्रा घेत नाही. पोटाकडचे केस सोडले तर अंगावर केस जवळजवळ नाहीत, चरबीचा साठा थोडा. जमीन गोठली की किडे खोल जातात आणि तो उपाशी राहतो. त्याच्या उत्तरेकडच्या सरहद्दी थंडीनेच आखलेल्या आहेत. मार्च गेला, खड्डे दिसले नाहीत. ज्या खड्ड्यांवर मी चिडत असे, ते सकाळी उठून शोधायला लागले.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी ओकखालच्या बिळातून चार पिल्लं बाहेर आली. मऊ, गुलाबी-राखाडी, अजून चिलखत घट्ट न झालेली. चौघं एका रांगेत, सारख्याच चालीने, सारखंच नाक खुपसत. आणि मला तेव्हा त्या हिवाळ्याचा खरा अर्थ लागला. कारण आर्माडिलोची मादी उन्हाळ्यात गाभण राहते, पण फळलेलं बीज लगेच गर्भाशयात रुजत नाही. ते तीन-साडेतीन महिने तसंच थांबतं. नोव्हेंबरच्या सुमारास रुजतं आणि मग चार महिन्यांनी, वसंतात जमीन मऊ झाली आणि किडे वर आले की पिल्लं जन्मतात. म्हणजे आम्ही त्या खोलीत कुडकुडत होतो तेव्हा ती मादी बिळात होती, पोटात ही चार घेऊन, अर्धपोटी. ती कशी तगली असेल, ते तिचं तिला माहीत.

चौघं सारखी दिसतात कारण ती एकच आहेत. एका फळलेल्या बीजाचे चार भाग होतात आणि जवळजवळ प्रत्येक वेताला चार एकसारखी जुळी, सगळे नर किंवा सगळ्या माद्या. हे पहिल्यांदा उलगडणाऱ्यांपैकी दोघे, न्यूमन आणि पॅटरसन, ऑस्टिनच्याच टेक्सस विद्यापीठात काम करत होते. १९०९ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी अर्जेंटिनात फर्नांदेझ नावाच्या शास्त्रज्ञाला तिकडच्या जातीत तेच आढळलं.

या चौकड्यांमुळेच पुढे एलिनॉर स्टॉर्स या संशोधिका आर्माडिलोकडे वळल्या. बीज एकच असूनही चार भावंडांच्या शरीरात फरक का पडतात, यावर त्यांनी १९६८ मध्ये लिहिलं. आणि तिथून त्या ज्या प्रश्नापाशी पोचल्या तो थेट आपल्या घरातला आहे. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सनने १८७३ मध्ये शोधला, पण तो प्रयोगशाळेतल्या बशीत वाढतच नाही. आजही नाही. वाढत नसेल तर औषधं, लसी तपासायच्या कशावर? बाबा आमट्यांनी याच कोंडीत स्वतःच्या शरीरात ते जंतू टोचून घ्यायला मान्यता दिली होती. ते त्यांच्यात रुजले नाहीत. हा जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतो, हात, पाय, नाक, कान. आर्माडिलोचं तापमान आपल्यापेक्षा काही अंशांनी कमी, बत्तीस ते पस्तीसच्या आसपास. स्टॉर्स आणि वाल्डेमार किर्कहाइमर यांनी १९७१ मध्ये दाखवून दिलं की त्याला हा रोग होतो, आणि त्याच्या शरीरात जंतू विपुल वाढतात. त्यानंतर जगभरच्या प्रयोगांसाठी जंतू मिळाले ते आर्माडिलोकडून. पुढे दक्षिण भारतात ज्या लसींची तुलनात्मक चाचणी झाली, त्यातल्या एकीत आर्माडिलोत वाढवून मारलेले जंतू होते.

म्हणून आमच्या ओळखीतली कुणी मराठी मंडळी अंगणात येऊन "बाई गं, याच्यापासून महारोग होतो ना?" असं दचकून विचारतात, तेव्हा मी त्यांना नीट बसवून सांगते. होऊ शकतो. २०११ मध्ये सिद्ध झालं की अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या काही रुग्णांमधला जंतू आणि रानातल्या आर्माडिलोंमधला जंतू एकच आहे. पण हा जंतू अमेरिका खंडात माणसांनी आणला, समुद्र ओलांडून आलेल्यांनी. आर्माडिलोला तो आपल्याकडून लागला. शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव माणसांना त्याचा उपजत प्रतिकार असतो. तीन औषधांचा एकत्रित उपचार १९८१ पासून ठरलेला आहे आणि रोग पूर्ण बरा होतो. काळजी घ्यायची ती एवढीच: त्याला हात लावायचा नाही, मेलेला उचलायचा तर हातमोजे घालून, कुत्र्याला त्याच्या मागे सोडायचं नाही, मातीत काम केल्यावर हात धुवायचे. मी वाफ्यात हातमोजे घालूनच बसते. आणि जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात, त्यांच्या गावात आर्माडिलो नाही. वरोऱ्याला आनंदवन उभं राहिलं ते ज्या भीतीमुळे, ती भीती मी या जनावराच्या पाठीवर लादू देणार नाही.

शेजारच्या काकांचं प्रकरण सध्या चालू आहे. त्यांच्या एसीच्या बाहेरच्या यंत्राखाली जी काँक्रीटची लादी आहे, तिच्याखाली बीळ निघालं. तोंड सात-आठ इंचांचं. अशी बिळं पंधरा फुटांपर्यंत जाऊ शकतात, आणि लादी किंवा घराचा पाया खचू शकतो. इथे मी त्याची बाजू घेत नाही. पायाखाली बीळ नको, हे काकांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. ते एप्रिलमध्ये ट्रकभर खडी मागवून तोंड बुजवायला निघाले होते. मी त्यांच्याकडे जाऊन बसले. वसंतात आत पिल्लं असू शकतात, ती बाहेर यायला काही आठवडे लागतात, आणि आत मेलेल्या पाच जनावरांवर एसी चालवायचा का, हेही विचारलं. मग ठरलं ते असं. उन्हाळा लागून पिल्लं हिंडती झाली की बिळाच्या तोंडात वर्तमानपत्राचे बोळे सैल कोंबायचे. तीन-चार दिवस ते हलले नाहीत तर बीळ रिकामं समजायचं, कारण त्याची एकाहून अधिक बिळं असतात आणि तो आलटून पालटून वापरतो. बोळे बाहेर फेकलेले दिसले तर थांबायचं. रिकामं झालं की माती आणि खडी ठासून भरायची आणि लादीभोवती आमच्या वाफ्यासारखी तिरकी जाळी पुरायची. काकांनी खडीची गाडी पुढे ढकलली आहे. जाळी आमच्याकडे उरली होती, ती मी त्यांना देऊन आले. खणायला आम्ही दोघं जाणार आहोत; चुनखडीत कुदळ कशी मारायची ते आता आम्हाला येतं.